बोलण्यापुरता लॅपटॉप

आमच्या ह्यांना बसस्टँडवर सगळे ‘भोंगा’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण ह्यांना ऐकू जाईल इतक्या अंतरावरून हमखास म्हणतात. काम घोषणा करण्याचं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठलीला उशीर आहे, कुणाची पिशवी राहिली, कुणाचं पोर सापडलं. काचेचं एक खोपट, समोर माईक, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि सकाळपासून तेच ते. घरी येतात ते घशात खरखर आणि तोंडाला कुलूप घेऊनच. वाढू का म्हटलं तर मान हलवणार. कसे आहात म्हटलं तर “बरा आहे.” हे दोन शब्द मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. ताप फणफणलेला असला तरी बरा आहे. वडिलांना पोचवून आले त्या संध्याकाळीही बरा आहे. कधी कधी वाटतं, ह्यांच्या तोंडावर माईकच धरावा, म्हणजे काहीतरी बाहेर पडेल.

आणि सगळ्या गावाला ओरडून सांगणाऱ्या या माणसाची थोरली बहीण जन्मापासून बहिरी. त्या माझ्या वन्सं. लग्न केलं नाही, पहिल्यापासून आमच्यातच आहेत. लहानपणी त्यांच्यासोबत ह्यांना सगळीकडे धाडायचे. दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या फाटकापर्यंत. वयानं धाकटा, पण घराला वाटायचं, पोरीला कान हवेत तर हाच घेऊन जाऊ दे. मागून गाडी आली की हात ओढायचा. कुणी हाक मारली की बोट दाखवायचं. डॉक्टर काय म्हणाले ते घरी येऊन सांगायचं. इतर पोरं खेळायला बोलवायची तेव्हा हा आपला ताईचा हात धरून फुटपाथवर उभा. सासूबाई हे मोठ्या कौतुकानं सांगायच्या. मीही कौतुकानंच ऐकायची.

वन्सं तेव्हा ह्यांच्या गळ्यावर दोन बोटं ठेवायच्या. हा बोलला की आतलं थरथरणं बोटांना लागायचं. पुढे तीच ह्यांची खूण झाली. गळ्यावर दोन बोटं म्हणजे आमचे हे. बहिऱ्यांच्यात प्रत्येकाला अशी एक खूण असते, तेच त्याचं नाव. माझी खूण म्हणजे कमरेवर हात. का ते मी सांगत बसत नाही.

पण भावाबहिणीत खुणा होत्या त्या कामापुरत्या. ये, थांब, जेव, गाडी, ताप, पैसे. वन्सं त्यांच्या शाळेत हातांची पुरी बोली शिकल्या, ह्यांनी काही ती उचलली नाही. मी मात्र शिकले. एका स्वयंपाकघरात दोन बायका म्हटल्यावर भांडणं आलीच, आणि भांडायचं तर भाषा यायला नको? आधी भांडणाच्या खुणा आल्या, मग बाकीच्या.

वन्संची खरी बोलायची जागा म्हणजे शर्टांचा कारखाना. तिथे काजं-बटणं तपासायची आणि लोंबते धागे कापायचे, हे त्यांचं काम. टेबलाच्या पलीकडे त्यांच्यासारखीच एक बाई. गालावर टिचकी मारल्यासारखी तिची खूण, म्हणून आमच्या घरात ती टिचकीबाई. बाकीच्या बायकांचं बरं होतं, तोंड चालू आणि हातही चालू. या दोघींना बोलायचं तर हातातली कात्री खाली ठेवावी लागे. म्हणून सगळ्यांत जास्त बोलणी या दोघींनाच बसायची. मुकादम येऊन टेबलावर थापटायचा, की या लगेच कात्र्या उचलायच्या, आणि त्याची पाठ वळली की पुन्हा ठेवायच्या. घरी येऊन वन्सं त्या मुकादमाची नक्कल करायच्या, मी हसून हसून लोळायची. असं अख्खं आयुष्य गेलं त्यांचं त्या टेबलावर.

मग कारखाना बंद झाला. टिचकीबाईंना मुलानं आपल्या गावी नेलं, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. आणि आमच्या वन्सं गप्प झाल्या.

तुम्ही म्हणाल, बहिरी बाई गप्प झाली म्हणजे काय? होते हो. हात मांडीवर पडून राहतात. भाजी निवडायला घेतील, कपड्यांच्या घड्या घालतील, पण घडी घालून झाली की हात पुन्हा मांडीवर. मी मुद्दाम खोडी काढायची, मीठ जास्त घातलंत म्हणायची. त्या नुसती मान हलवायच्या. माझ्याशी भांडायलासुद्धा उठेनात. मी लाँड्रीच्या काउंटरवर उभी असते दिवसभर, मी तरी किती पुरणार त्यांना?

फोनवरून बघितलं करून. फोन हातात धरला की बोलायला एकच हात उरतो, म्हणजे अर्धं बोलणं गेलंच. डब्याला टेकवला तर घसरतो. त्यात वन्संच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक दिसत नाही. त्या एवढ्याशा पडद्यावर टिचकीबाईंची बोटं म्हणजे वन्संना मुंग्या. डोळे चोळायच्या आणि फोन पालथा घालून उठायच्या. शेवटी फोन आला की दुसऱ्या खोलीत जायला लागल्या.

टिचकीबाईंची सून मोठी गोड. तिनंच मला फोन करून सुचवलं, “मावशी, आमच्याकडे मोठा कॉम्प्युटर आहे. तुम्ही एखादा साधासा लॅपटॉप बघा ना. आमच्या सासूबाई रोज संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर येऊन बसतात हो. लावायला सांगतात आणि नुसत्याच बसतात.”

झालं, लॅपटॉपची शोधाशोध सुरू. ह्यांची ड्यूटी सुटली की मी लाँड्रीतून परस्पर जायची, आणि दोघं जण पाय ओढत दुकानं पालथी घालायचो. पहिलं दुकान असलं चकाचक की चपला बाहेर काढाव्या की काय असं वाटलं. गळ्यात पट्टा अडकवलेली एक मुलगी हसत पुढे आली.

“कशासाठी हवाय सर? गेमिंग? एडिटिंग?”

“बोलायला,” हे म्हणाले.

“ऑफिस मीटिंगसाठी का?”

“नाही. बहिणीला. नुसतं बोलायला.”

“मग सर, फोन घ्या ना एखादा छान.”

मी म्हटलं, “बाई गं, फोन करून झालाय. आम्हाला साधा दाखव, सगळ्यात साधा.” तिनं जो साधा दाखवला त्याची किंमत ऐकून ह्यांनी घसा साफ केला आणि आम्ही पंख्याच्या वाऱ्याची तारीफ करून बाहेर पडलो.

असं किती दुकानांत झालं म्हणून सांगू! एका ठिकाणी स्वस्त होता, पण चालू करून ठेवला तर आमचं बोलून होईस्तोवर तो उठलाच नाही. एका ठिकाणी तो माणूस आमच्याशी बोलता बोलता फोनवर दुसऱ्याशीच बोलत होता. एकानं हप्ते समजावून सांगितले, इतके समजावले की मला खुर्चीतच डुलकी लागली. घरी यावं तर वन्सं दारातच. तोंडाकडे बघायच्या, हातातली पिशवी बघायच्या, आणि आत जायच्या. एकदाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चिडले तरी असते.

शेवटी स्टँडवरच्या एका कंडक्टरनं जुन्या मालाच्या गल्लीतलं दुकान सांगितलं. त्या दिवशी लाँड्रीत गर्दी होती, मला निघता येईना. हे एकटेच गेले. आणि अंधार पडायच्या आत घरी आले ते काखेत काळी पिशवी घेऊन. चेहरा असा, की किल्ला जिंकून आलेत.

“मोठ्या ऑफिसातून निघालेला माल आहे,” पायातले बूट काढायच्या आधीच सुरू. “त्यांनी सगळे एकदम विकले. एक ओरखडा नाही बघ. आणि आवाज! काय खणखणीत आवाज आहे! मी गाणं लावून बघितलं, बातम्या लावून बघितल्या. आपल्या स्टँडवरच्या भोंग्यापेक्षा बरा. बाजूचा दुकानदार डोकावून गेला.”

मी हातातलं उलथनं खाली ठेवलं. “कोणासाठी?”

“काय कोणासाठी?”

“आवाज.”

ह्यांनी हळूच पिशवी टेबलावर ठेवली. अहो, मला हसावं की रडावं ते कळेना. जन्मभर बहिणीच्या वतीनं ऐकायची सवय. तिच्यासाठी काही घ्यायचं म्हटलं की ह्यांचे कान पुढे होणारच. दुसरं काही तपासायचं ह्यांच्या डोक्यातच आलं नाही.

“पडदा मोठा आहे,” ते पुटपुटले. “दिसेल तिला.”

पडदा खरंच मोठा होता. वन्सं तोवर केस विंचरून, ठेवणीतली शाल घेऊन येऊन बसल्यासुद्धा होत्या. मी सुनेला फोन करून, ती सांगेल तसं दाबत दाबत एकदाचं लावलं. आणि पडद्यावर टिचकीबाई आल्या. एवढ्या मोठ्या, की कपाळावरची आठी दिसावी. वन्संनी दोन्ही हात तोंडावर घेतले. मग ते हात जे सुटले ते सुटलेच. किती दिवसांचं तुंबलेलं! मला अर्धं कळलं, अर्धं नाही. डोळ्याचं ऑपरेशन, कारखान्याला लावलेलं कुलूप, मुकादमाला स्टँडवर पाहिलं ते, माझं मीठ... माझी चहाडीसुद्धा करून झाली.

टिचकीबाई मात्र पडद्यात इकडे तिकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, कुठे आहेस? अंधार आहे.

वन्सं उठल्या, खोलीतले सगळे दिवे लावून आल्या. पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसल्या. टिचकीबाईंनी पुन्हा हात हलवला. अंधार. तू दिसत नाहीस. वन्सं आणखी पुढे सरकल्या, नाक पडद्याला लागेस्तोवर. शेजारच्या खोलीतला टेबललँप आणून तोंडावर धरला. तिकडे ती बाई नुसती विचारतेय, आहेस का? आहेस का तिथे?

मी त्या यंत्राच्या वरच्या कडेला बोट फिरवलं. कॅमेऱ्याची जागा होती, पण तिथे नुसतं काळं प्लास्टिक.

ह्यांनी दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “हो साहेब, त्या ऑफिसात कॅमेऱ्याला बंदी होती, त्यांनी बिनकॅमेऱ्याचेच बनवून घेतले होते. म्हणून तर इतका स्वस्त दिला. तुम्ही आवाजाचं विचारलंत, आवाजाचं मी दाखवलं.” माल परत घेणार नाही, पण वरून चिकटवायचा वेगळा कॅमेरा मागवून देईन, थोडे दिवस लागतील, म्हणाला.

मी तोंड सोडलं. कबूल करते, भरपूर सोडलं. “एवढ्या बारा दुकानांचं पाणी प्यायलो, आणि शेवटी आंधळा लॅपटॉप आणलात! बहिऱ्या माणसाला आंधळा लॅपटॉप!” हे भिंतीला टेकून उभे. वन्सं एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा ह्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी टेबललँप विझवला आणि हात मांडीवर ठेवले. ते बघितलं आणि माझी जीभ आपोआप थांबली.

सून अजून माझ्या फोनवर होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार, लाज वाटली मला. ती म्हणाली, “मावशी, एक करा. फोनवरूनही याच कॉलमध्ये या. लॅपटॉपवर त्यांना आमच्या सासूबाई दिसतील, आणि फोनच्या कॅमेऱ्यातून त्या आम्हाला दिसतील. फक्त कुणीतरी फोन धरायला हवा.”

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि लॅपटॉपच्या मागे जाऊन उभे राहिले.

पडद्यावर टिचकीबाईंचा चेहरा एकदम उजळला. हात हलवून त्यांनी वन्संना हाक दिली, म्हणाल्या, म्हातारी झालीस गं! आणि वन्सं हसल्या. आवाज काढून हसल्या, हो. त्यांचं हसणं तसं भसाडं आहे, मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

कॅमेरा येईपर्यंत रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. दिवसभर खोपटात बसून घसा फोडून यायचं, आणि हातपाय धुऊन लॅपटॉपच्या मागे फोन धरून उभं राहायचं. मी म्हटलं, “अहो, डबे रचून वर ठेवा की.” तर म्हणे, “ती हलते ना बोलताना. हात कडेला गेला की दिसत नाही तिकडे.” खरंच होतं ते. वन्संचे हात डावीकडे गेले की फोन डावीकडे, वर गेले की वर. उजवा दंड दुखला की डाव्या हातात घ्यायचे. चित्र थरथरायला लागलं की टिचकीबाई लगेच म्हणायच्या, तुझा भाऊ दमला. त्या दमल्याची खूण करायच्या, दोन्ही हात खांद्यांवर ठेवून मग खाली सोडून द्यायच्या, लोंबते. वन्सं मान वर करून ह्यांच्याकडे बघायच्या. हे फोनआडून म्हणायचे, “बरा आहे, बरा आहे.” कुणाला सांगत होते देव जाणे.

पण एक झालं. जन्मात पहिल्यांदा हा माणूस बहिणीच्या समोर उभा होता. इतकी वर्षं तिच्या बाजूला असायचा, जगाकडे तोंड करून. आता तिच्या हातांवरून नजर हलवायची सोय नाही. एके दिवशी जेवताना मला विचारतात, “ही नाकाखाली बोट फिरवते तो मुकादम ना?” मी म्हटलं, “हो.” तर एकटेच हसत बसले.

शेवटी कॅमेरा आला. लिंबाएवढा. ह्यांनी तो पडद्याच्या वर चिकटवला, वायर खोचली, आणि लावून बघितलं. टिचकीबाईंनी लगेच सांगितलं, दिसतंय, स्वच्छ दिसतंय. ह्यांनी दंड चोळला. “सुटलो,” म्हणाले आणि टॉवेल शोधत निघाले.

वन्संनी मनगट धरलं. शेजारची खुर्ची पायानं ओढली आणि ह्यांना बसवलं, आपल्या बाजूला, कॅमेऱ्यासमोर. आता हे तिकडे दिसायला लागले. इतके दिवस फोनमागे लपलेला माणूस टिचकीबाईंना पहिल्यांदाच दिसला. त्यांनी गळ्यावर दोन बोटं ठेवली, ह्यांचं नाव घेतलं, आणि विचारलं, कसा आहेस?

“बरा आहे,” हे मोठ्यानं म्हणाले. अगदी स्टँडवरच्या आवाजात. मग आपलं आपल्यालाच लक्षात आलं आणि माझ्याकडे वळले. “सांग ना तिला, बरा आहे म्हणून.”

मी हात उचलले. वन्संनी माझे हात धरून खाली केले, टेबलावर दाबून ठेवले. त्याला सांगू दे.

टिचकीबाई थांबून होत्या. ह्यांनी अंगठा वर केला, ती खूण कुणालाही येते. अर्धाच वर केला, आणि तिथेच राहिला. मग अंगठा मिटला. मग दोन्ही हात हळूहळू खांद्यांवर गेले आणि खाली पडले. लोंबते.

एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसानं मला हे कधी सांगितलं नव्हतं. मला रागही आला आणि रडूही आलं. माझे हात वन्संच्या हाताखालीच होते.

वन्सं ह्यांच्याकडे वळल्या. माझे हात सोडून त्यांनी विचारलं, कधीपासून?

ही खूण ह्यांना कळली नाही. “काय म्हणते?”

“विचारतायत, कधीपासून दमलायस,” मी म्हटलं.

ह्यांनी आधी समोर बघितलं. पडद्याकडे, मग टेबलाकडे. मग उजवा हात खुर्चीच्या बाजूला नेला, तळवा जमिनीकडे केला आणि हवेत धरला. बसल्या जागी खांद्याएवढा वर. पाच-सहा वर्षांचं पोर असतं तेवढ्या उंचीवर.

फुटपाथवर ताईचा हात धरून उभा असलेला पोरगा. मी वन्संच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. वाटलं, आता ही बाई पुन्हा हात मांडीवर ठेवणार, ते कायमचेच.

वन्सं त्या हवेतल्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी आपला हात नेला, ह्यांच्या हाताशेजारी, तसाच तळवा खाली करून. त्या थोरल्या ना, म्हणून ह्यांच्या हाताहून वीतभर वर धरला. आणि दुसरा हात आपल्या खांद्यावर ठेवून खाली सोडला.

मीही, म्हणाल्या.